मला कापसाचं भेव

कापूस दोन बोटांत धरून जरासा चोळला का आतून एक आवाज येतो. तुम्हाला ऐकू येत न्हाई, म्हाईत हाये मला. कोणालाच येत न्हाई. मला येतो. कीर्र करून. तो कानातून न्हाई येत, दाढंतून येतो, मंग मणक्यामणक्यानं खाली उतरतो अन् पायाच्या अंगठ्यात जाऊन बसतो. आता सांगून राह्यलो तरी अंगावर काटा आलाय, पाहा. मी शाळेचं तोंड पाह्यलेलं न्हाई, तव्हा हे ओट्यावर बसून बोलल्यावाणीच घ्या.

बरं, हे भेव घेऊन जलमलो कुठी? तर भोकरदनच्या अंगाला. सगळी काळी जमीन. निजामाचं राज्य व्हतं तव्हा. दिवाळी सरली का जिकडं पाहावं तिकडं पांढरंच पांढरं. शेतात कापूस, गाडीत कापूस, घरात आढ्यापर्यंत कापूस, म्हाताऱ्यांच्या मिशीत कापूस, ताकाच्या तांब्यात कापूस. पाण्याला भेणारा मासा कोणी पाह्यला न्हाई म्हणत्यात. त्यांनी मला पाह्यलं न्हाई.

दुसऱ्यांची भेवं कशी ऐटीची असत्यात! कोणी वाघाला भेतं, कोणी पोलिसाच्या अमिनाला, म्हणजे फौजदाराला भेतं. वाघाला भ्यालो म्हणून चारचौघांत सांगितलं तर लोक सरकून बसायला जागा देत्यात, चिलीम पुढं करत्यात. कापसाला भ्यालो म्हणून मी कोणाला सांगावं? मंग मी ते लपवलं.

वेचणीचं काम बायांचं, तिथं मी सुटलो. पण कापूस गाडीत भरायचा म्हणजे वर एक माणूस उभा राहून पायानं तुडवावा लागतो, न्हाईतर गाडीत मावत न्हाई. गावातली पोरं तुडवायला भांडायची. मला एकदा चौघांनी उचलून वर टाकलं. मांड्यांपर्यंत आत गेलो. एक पाय हलवला, चहूबाजूनं कीर्र! मी जी उडी मारली ती बाजूला बांधलेल्या बैलाच्या पाठीवर. बैलानं दावं तोडलं अन् मला घेऊन पार नदीपर्यंत गेला. गाव म्हणलं, ह्याला बैलावर बसायचा लई नाद. मी म्हणलं, हो, लई नाद हाये. मंग नाद खरा वाटावा म्हणून दोन-चार वेळा बसावंबी लागलं. एक दात गेला त्यात.

माय देवापुढं वाती वळायला बसली का मी बाहेर पळायचो. त्याच्यावरून बोभाटा झाला का पोरगा देवाला मानीत न्हाई. तेबी चालवून घेतलं. खरं काय ते एकट्या मायला ठाऊक व्हतं. ती म्हणायची, "लेकरा, लगीन व्हईपर्यंत तेवढं तोंड दाबून ठेव. एकदा बायको घरात आली का मंग भे, कशालाबी भे."

पण लगीनच जमंना. तीन जागचे पाहून गेले अन् तिन्ही जागचे परत आले न्हाईत. एकांनी सांगितलं, पोरगा बैलावर बसून फिरतो. दुसऱ्यांनी सांगितलं, नास्तिक हाये. तिसऱ्यांनी काहीच सांगितलं न्हाई, नुसतं मह्याकडं पाहून गेले. मह्या संगतीचे सगळे बाप झाले अन् मी आपला वरातींपुढं नाचून राह्यलो.

तेवढ्यात राजूरच्या बाजूची एक सोयरीक मह्या मामानं आणली. मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ. खोटं बोलण्यात मुलखात एक नंबर, पण सगळं पोटातल्या मायेनं. मला म्हणला, "भाच्या, ही शेवटची. ही मोडली तर तुहं लगीन पिंपळासंगं लावून टाकतो. तिथं तू फक्त बस. बोलायचं काम मह्याकडं."

पोरीचा बाप बैलांचा मोठा पारखी. बाजारात बैलाचे दात पाह्यचा, खूर पाह्यचा, शेपूट वढून पाह्यचा. जल्मात फसला न्हाई म्हणायचा, पण फसला व्हता. बैलात न्हाई, जावयात. थोरली पोर दिली तो निघाला रातांधळा. लगीन दिवसा लागलं, सगळं बराबर दिसलं. दिवस बुडला तव्हा जावयानं सासूच्या जागी खांबाला नमस्कार केला. तव्हापासून म्हाताऱ्यानं शपथ घेतली का ह्या पोरीला वर निवडताना खोड झाकलेली चालायची न्हाई. दोन वरं त्यानं अशीच परत धाडली. एकाला घाम जास्त येतो म्हणून.

माघाचा महिना व्हता. मामा, मी, गावचे पाच-सात जण, दोन गाड्या जुंपून सकाळीच गेलो. पोर आधी बायांनी पाहून घेतल्ती, मला कोण दाखवतं? सुपारी फोडायची, साखर वाटायची अन् जेवून परत यायचं. ओसरीत बैठक टाकल्ती. आधी खाली पाह्यलं, तर जाजम, कापसाची गादी न्हाई. जीव भांड्यात पडला. मंग समोर पाह्यलं. मधल्या घराचं दार उघडं अन् आत कापसाची गंजी, आढ्याला टेकलेली! मी तिच्याकडं पाठ करून बसलो. मामा हळूच म्हणला, "आरं सोयऱ्याकडं तोंड कर, भिंतीकडं काय पाहून राह्यला?"

बोलणं छान चाललं व्हतं. मामानं मह्या अंगात नसलेले पाच गुण सांगून झाल्ते. सुपारी ताटात आल्ती. तेवढ्यात पोरीचा चुलता उठला. हा भोकरदनच्या तहसिलीत चपराशी. टोपी लाल, बोलणं सगळं कचेरीतल्या साहेबावाणी. त्यानं एक चांदीच्या मुलाम्याची डबी काढली अन् म्हणला, "पाव्हणं, अस्सल गुलाब हाये. हैदराबादेहून मागवलाय. पहिला मान जावईबापूचा."

डबी उघडली. आत अत्तराच्या कुपीला लागून कापसाचे फाये मांडल्ते. पांढरे, फुगलेले, कोंबडीच्या पिलावाणी.

त्यानं एक फाया उचलला, दोन बोटांत चोळला, अन् मह्या कानाकडं आणला.

मी मान खाली घातली. फाया पगडीवरून गेला. चुलता म्हणला, "लाजत्यात!" लोक हासले. त्यानं पुन्हा आणला. मी उजवीकडं झुकलो ते मामाच्या मांडीवर. तिसऱ्यांदा आणला तव्हा मी दोन्ही हातांनी दोन्ही कान गच्च झाकले अन् डोळे मिटले.

चुलत्याचा हात फायासकट तिथंच थांबला.

मामा लगेच म्हणला, "कान ठणकतो त्याचा. वारं लागलं गाडीत."

"कोणता कान?" पोरीच्या बापानं इचारलं.

"डावा," मामा म्हणला.

"मंग दोन्ही कामून झाकलेत?"

मामाला पहिल्यांदा खोटं सापडंना. मी इकडं डोळे उघडले तर फाया तिथंच, मह्या नाकापासून टीचभर, अन् चुलता बोलता बोलता त्याला चोळून राह्यला. कीर्र. मला दुसरं काही दिसंना, काही उमजंना. त्याच टायमाला पोरीचा बाप उठून मह्या मागं आल्ता. बैलाच्या मागं करत्यात तशी त्यानं जिभंनं टक्-टक् केली. मी हाललो न्हाई. टाळी वाजवली. हाललो न्हाई. हे मला मागून मामानं सांगितलं, मला कसलं ऐकू येतंय!

"बहिरा हाये," म्हातारा म्हणला. "मला वाटलंच. एक रातांधळा दिला, आता बहिरा आणलाय. उचला ते ताट."

"आहो सोयरे, बहिरा कसला! आरं बोल की लेका!" मामानं मला कोपर मारलं.

"मला ऐकू येतंय," मी म्हणलो.

"ह्याला तोंड पाहून समजतंय," म्हातारा म्हणला.

"न्हाई हो, बिलकुल ऐकू येतंय. दोन्ही कानानं."

म्हातारा थांबला. डोळे बारीक केले. बैलाच्या बाजारात दलाल शपथ घेतो तव्हा करीत असंल तसेच. "एक चांगला असंल, एक गेलेला असंल. तपासून घेऊ. आधी एक कान बुजवायचा अन् दुसऱ्यात हळू बोलायचं. मंग दुसरा बुजवायचा." अन् भावाला म्हणला, "दे रे, दोन मोठाले फाये कर."

तुम्ही सांगा आता, मी काय करावं? गप बसलो तर बहिरा म्हणून परत. कान पुढं केला तर भर बैठकीत मह्या तोंडून काय निघंल, देवाला ठाऊक. मी उठून उभा राह्यलो. मामानं मह्या धोतराचा सोगा धरला.

"मी कापसाला भेतो," मी म्हणलो.

बाहेर गाडीच्या बैलाच्या गळ्यातलं घुंगरू तेवढं वाजलं.

"कशाला?" चुलता.

"कापसाला. ल्हानपणापासून. त्याच्यात कीर्र होतं."

मामानं कपाळाला हात लावला. चुलत्यानं हातातल्या फायाकडं पाह्यलं, तो चावतो का काय ह्या हिशेबानं. म्हातारा सावकाश म्हणला, "कानाची खोड झाकायला आता डोकं बिघडलं म्हणून सांगून राह्यले का? कापूस कोणाला काय करतो?"

"काहीच करत न्हाई," मी म्हणलो. "तरी भेतो."

"जल्मात ऐकलं न्हाई असं. थांबा."

म्हातारा मधल्या घरात गेला अन् कापसानं भरलेली टोपली छातीशी धरून बाहेर आला. मह्यापुढं धरली अन् म्हणला, "घाला हात."

त्याच्यापुढचं मला नीट आठवत न्हाई. ओसरीच्या कोपऱ्यात ज्वारीची कणगी व्हती, बांबूची, शेणानं सारवलेली, माणसाच्या डोक्याच्या वर उंच. तिला धरायला ना कडी, ना खाच. जमलेले सगळे आजबी सांगत्यात का मी तिच्यावर चढलो न्हाई, मी खाली व्हतो अन् मंग वर व्हतो. पगडी खाली पडली. मला धरायला मामा धावला, तो टोपलीवर आदळला, अन् सगळा कापूस ओसरीभर झाला. मी वर, आढ्याला डोकं लावून, दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसलो. मधल्या घरातून बायांचं हासणं सुरू झालं. एक हासली, मंग दोन, मंग थांबंच ना.

म्हातारा कणगीभवती हळूहळू फिरला. खालून वर पाह्यलं. पुन्हा एक चक्कर मारली. मी मनात म्हणलो, आता शेपूट वढून पाह्यतो.

"हे सोंग न्हाई," तो म्हणला. "सोंग करणाऱ्याला हिच्यावर चढता येत न्हाई. मला सांगा पाव्हणं, ज्वारीला भेता का?"

"न्हाई."

"अंधारात दिसतं?"

"दिसतं."

"आणखी कशाला भेता?"

मी जरा इचार केला. "तुम्हाला," मी म्हणलो.

तव्हा म्हातारा हासला. असा हासला का खाली कापसातच बसला. डोळे पुसून मामाला म्हणला, "ह्याच्यात खोड हाये, पण त्यानं सोताच्या तोंडानं सांगितली. खोड सांगून इकलेला बैल मी घेतो. झाकलेला घेत न्हाई. आणा सुपारी."

मामा म्हणला, "मी आधीच सांगणार व्हतो."

सुपारी फुटली ती मी वर असतानाच. मान मह्या नावाचा, म्हणून साखर सुपात घालून, सूप लांब काठीच्या टोकावर धरून मह्यापर्यंत पोचवली. मी वरूनच खाल्ली. चुलत्यानं पुन्हा डबी काढली तसं म्हाताऱ्यानं त्याच्यावर डोळे वटारले. मंग अत्तर लोकांच्या मनगटाला नुसत्या बोटानं लागलं. काढलेला फाया चुलत्यानं चुपचाप खिशात टाकला.

सगळे जेवायला उठले. मीच राह्यलो. उतरायचं कुठी? खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत कापूस. पुरुषानं झाडू धरायची चाल न्हाई, सोयऱ्याच्या घरी तर न्हाईच. मामानं दोन वेळा हाक मारली, "आरं ये, पत्रावळी मांडल्यात." मी म्हणलो, "तुम्ही सुरू करा." आतल्या बायांचा हासून हासून जीव गेल्ता, एकीच्याबी हातात झाडू धरायचा दम राह्यला न्हाई.

मंग मधल्या घरातून एक जण आली. डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत वढलेला, हातात शिंदीचा झाडू. न बोलता तिनं दारापासून झाडायला सुरुवात केली. कापूस झाडायला लई अवघड, झाडूच्या वाऱ्यानंच तो पुढं पळतो. ती त्याच्या मागं, तो तिच्या पुढं. तिनं तो हातानं गोळा केला, टोपलीत दाबला, टोपली आत नेऊन ठेवली, अन् दार लावून घेतलं. पुन्हा आली. कणगीच्या बुडाशी वाकून पाह्यलं. मला तव्हा समजलं का ही कोण. बाकी कोणी असती तर हासली असती.

"उतरा," ती म्हणली. "झाडलंय."

मी एक पाय खाली सोडला.

"थांबा. तिकडं उखळाजवळ एक बोंड राह्यलंय." तिनं ते उचललं, मुठीत गच्च धरलं अन् मूठ पाठीमागं नेली. "आता या. इकडं पाहू नका, मह्या तोंडाकडं पाहा."

मी तिच्या तोंडाकडं पाहत उतरलो. पदर तिनं तेवढ्यापुरता वर केल्ता.