गच्ची जिंकल्यावर

जठारपेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीला वरच्या मजल्यावरच्या काकांनी एका उन्हाळ्यात कुलूप लावलं. म्हणे, डोक्यावर पाय वाजतात, झोप होत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी जुन्या शहरातून नुकत्याच राहायला आल्या होत्या. आमची ओळख जेमतेम हसण्यापुरती. पण कुलूप बघून दोघींचं डोकं एकदमच फिरलं.

लढाई आम्ही हुशारीनं लढलो. ओल्या साड्या, चादरी, गोधड्या, भाभींचे दुपट्टे, सगळं काकांच्या जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलं. काका खाली उतरायचे ते ओल्या गोधड्यांतून वाट काढत. शेवटी किल्ली घेऊन दारात आले.

"घ्या बाई! पण माह्या डोक्यावर पाणी टपकवू नका."

भाभींनी शेवया केल्या, मी भजी. आणि पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही एकमेकींच्या जिवावर उठलो.

मी गच्चीवर साडी अंथरून कुरडया घातल्या होत्या. भाभींनी गुलाबाच्या कुंड्यांना पाणी घातलं आणि ओघळ थेट माझ्या साडीखाली.

"भाभी, पाणी कावून टाकून राहिल्या वो?"

"झाडाले पाणी नाही टाकू त काय चहा पाजू?"

बोलणं बंद झालं. आमचे हे शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांना भारी मजा वाटली. "जर्मनी हरला आणि रशिया-अमेरिकेचं असंच झालं. मी पोरांना दरवर्षी विचारायचो, त्यांनी भांडायला हवं होतं का?"

"मग? काय म्हणायची पोरं?"

"तेवढ्यात तास संपायचा."

खरी चंगळ काकांची झाली. रोज मला जिन्यात थांबवून सांगायचे, "तुमचंच बरोबर आहे वो. ते भाभी तुमच्या कुरडया खाली फेकतो म्हणते."

एकदा भाभींनीच मला अडवलं. डोळे भरलेले. "माह्या कुंड्या कावून फेकता वो? माह्या अम्मीच्या घरचे गुलाब हायत ते."

"मी? कोण म्हणलं?"

"काका."

काका मला काय सांगायचे ते मी सांगितलं, आणि दोघी तिथंच पायरीवर बसून पोट धरून हसलो. मग मी विचारलं, गुलाबांना पाणी संध्याकाळी चालेल का? चालेल म्हणाल्या. उलट उन्हाळ्यात तेच चांगलं.

"मग आधी कावून नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठं?"

खरंच होतं. कुलूप काढायचं एवढंच आम्ही ठरवलं होतं. गच्ची कुणाला कशासाठी हवी, हे एकमेकींना विचारलंच नव्हतं.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "रशिया-अमेरिकेनं भांडायले हरकत नव्हती. पण आधी जरा बसून बोलायचं होतं. अन् तिसऱ्याच्या तोंडून एकमेकांचं ऐकायचं नव्हतं."

त्यांनी पेपरातून मान वर न करता पाचपैकी तीन मार्क दिले. दोन कशाचे कापले, ते अजून सांगितलेलं नाही. यंदा भाभींनी लिंबाचं झाड आणलंय, भलं मोठं. त्याची सावली माझ्या पापडांवर पडते. बोलणी सुरू आहेत, जरा मोठ्या आवाजात.