गोजराचा नवस आणि सुचिताचं रक्त

गोजरा करावे गावची कोळीण. टोपली घेऊन सीवूड्सच्या इमारतींखाली तिने हाळी दिली की तिसऱ्या मजल्यावरच्या मांजरीसुद्धा उठून बसत. असल्या बाईच्या घरात पाच महिने नुसता वरणभात शिजत होता. लेकीची राज्याच्या संघात निवड होईपर्यंत घरात म्हावरं, कुठलीच मासळी, शिजणार नाही, असा नवस ती गावदेवीला बोलली होती. देवाला द्यायचं तर जड जाईल असंच द्यावं, असं तिच्या सासूने शिकवलं होतं. कोळ्याच्या घरात याहून जड काय असणार?

लेक सुचिता पाच हजार मीटर धावायची. तिच्या प्रशिक्षक चारुलता मॅडमनी तिच्या खाटेवर प्लॅस्टिकचा तंबू बसवला होता. एक यंत्र त्यात कमी प्राणवायूची हवा सोडायचं, उंच डोंगरावर असते तशी. अशा हवेत रोज झोपलं की शरीर जास्त तांबड्या पेशी करतं आणि धावताना दम टिकतो, असं मॅडमनी समजावलं होतं. गोजराला ते पटलं, पण बघवत नव्हतं. दुपारच्या झोपेत पोरगी तंबूत भरभर श्वास घ्यायची आणि दारात बसलेली आई ते श्वास मोजत राहायची.

चार आठवडे झाले तरी दम वाढेना. उलट सुचिता जिना चढतानाही थांबू लागली. मॅडम रक्ताचा रिपोर्ट घेऊन घरी आल्या.

"मावशी, रक्त वाढायच्या ऐवजी घटलंय. नवीन रक्त करायला लोह लागतं, आणि हिच्या अंगात साठाच नाही. चूक माझीही आहे. आधीच तपासायला हवं होतं. कोळ्यांची पोर, म्हणून खाण्याचं मी विचारलंच नाही. सुचिता, मासे खातेस ना?"

सुचिताने आईकडे पाहिलं.

"नाय खात," गोजराच म्हणाली. "मीच सोडाला लावलं."

मासळी सुटली तरी पालेभाज्या, उसळी होत्या. पण त्या नीट रांधायची सवय या घराला कुठे होती? वरण, भात, पापड, की झालं जेवण. मॅडमनी तंबू काढला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण साठा भरायला महिने लागतात, आणि निवड चाचणी अठरा दिवसांवर आली होती.

गोजरा त्याच दिवशी देवळात गेली. "आई, नवस मी बोलले, मीच मोडतंय. पोरीला धरू नको. तिच्या वाटचं मी सोडतंय. मरेपरत म्हावऱ्याला तोंड लावनार नाय." मग ओहोटी लागल्यावर ती खाडीच्या चिखलात उतरली आणि पदरभर शिवल्या, खाण्याच्या शिंपल्या, वेचून आणल्या. मॅडम म्हणाल्या होत्या, शिवल्यांत लोह भरपूर असतं.

चाचणीत सुचिता चौथी आली. तिघीच घेतल्या.

ती घरी आली, बूट काढून जेवायला बसली. पोरीने चार शब्द सुनवावेत, म्हणजे आपण मोकळ्या होऊ, असं गोजराला फार वाटत होतं. सुचिताने शिवल्यांचं कालवण आईच्या ताटात वाढायला वाटी उचलली.

गोजराने ताटावर हात धरला. "मना नको. मना नाय आवडत."

सुचिता हातात वाटी धरून आईकडे बघत राहिली. चाळीस वर्षं मासळी विकणाऱ्या बाईच्या तोंडून हे तिने कधी ऐकलं नव्हतं. मग तिने वाटी आपल्याच ताटात रिकामी केली आणि एक एक करून सगळ्या शिवल्या संपवल्या.