बापाची मान

माझ्या लग्नात माझी दाढी अर्धीच झाली होती. ही गोष्ट मी आजवर विसरलेलो नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

गावचा न्हावी सकाळीच मला ओट्यावर घेऊन बसला होता. डावा गाल झाला, हनुवटी झाली, उजव्या गालाला पाणी लावलं आणि तेवढ्यात खोतांचा गडी आला. "खोतांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता." न्हाव्यानं वस्तरा पुसला, धोकटीत घातला, "आलोच" म्हणाला आणि गेला. खोतांची दाढी, मग त्यांच्या पाहुण्यांची, मग पाहुण्यांच्या पोरांचे केस. इकडं मुहूर्त टळायला आला. चुलत्यानं घरातला सुरा लावून बघितला, तर रक्तच आलं. शेवटी मुंडावळ्या उजव्या गालावर ओढून घेऊन मी अंतरपाटासमोर उभा राहिलो. अंतरपाट खाली आला तशा नवरीकडच्या बायका खो खो हसल्या. बायको पुढं कित्येक वर्षं सांगायची, "मला वाटलं, दोन मान्सांशी लगीन लावलं का काय माझं!"

त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाच्या हातात परत मान द्यायची नाही. खरा राग खोतावर यायला हवा होता. पण आम्ही त्याची जमीन कसत होतो, त्याच्यावर रागावणं मला परवडणारं नव्हतं. न्हाव्यावर रागावणं परवडत होतं. दाढीच्या बदल्यात दरसाल त्याला घालायचं भातही मी बंद केलं.

आमचं गाव खारेपाटातलं, अलिबागपासून अडीच कोसांवर. बाप मिठागरात कामाला होता. मी अकरा वर्षांचा असताना तो तापानं गेला. मग मीच डोक्यावर मीठ वाहिलं. पुढं नागावच्या वाड्यांतली सुपारी विकत घेऊन शिडाच्या मचव्यानं मुंबईला धाडू लागलो. माझ्याजवळ भांडवल नव्हतं, जीभ होती. वाडीवाल्याशी मी भावावरून तास तास घालायचो आणि जुळलं नाही तर तडक उठून चालू लागायचो. मागं वळून बघायचं नाही, हे माझं तंत्र. दहा पावलांत हाक यायचीच. त्या हाकेवर मी घर बांधलं.

लग्नानंतर सातेक वर्षांनी अलिबागच्या बाजारात मुंबईहून परतलेल्या एका माणसानं सलून काढलं. तोवर मी बाजारात झाडाखाली बसणाऱ्या कुणाकडूनही दाढी करून घेत होतो. एका बुधवारी सुपारीचा सौदा चांगला झाला होता, म्हणून आत शिरलो. शिरलो आणि दारातच थांबलो. समोरच्या भिंतीवर जवळजवळ माझ्याएवढा आरसा होता. घरात आमच्याकडं तळहाताएवढा आरसा. त्यात एकदा डोळा दिसायचा, एकदा नाक. इथं एक सावळा, रुंद खांद्यांचा, जरा रागीट दिसणारा माणूस पिशवी घेऊन दारात उभा होता. मी बाजूला सरकलो, त्याला वाट द्यायला. तोही सरकला.

"या शेट, बसा," सलूनवाला म्हणाला.

शेट! मी बसलो. पण भाव आधी विचारला. दाढी, केस, डोक्याला तेलाची मालिश, चेहऱ्याला मलम चोळून गरम पाण्याचा फडका, शेवटी तुरटी आणि पावडर, सगळं मिळून चार आणे. मिठागरात माणूस अर्धा दिवस उन्हात वाकला की त्याला चार आणे मिळत.

"मालिश नको असली तर?"

"तीन."

"पावडर नको, मलम नको?"

"शेट, ही काय भाजी हाय? एक वांगं काढून ठेवाया?"

बाकीची गिऱ्हाइकं हसली. मी चार आण्यांना तयार झालो, ते केवळ त्या हसण्यापायी. त्यानं सगळं केलं. आणि संपल्यावर त्यानं खुंटीवरून एक लहान आरसा घेतला आणि माझ्या डोक्यामागं धरला. "बघा शेट, मागून बरोबर हाय का."

समोरच्या आरशात मला माझा बाप दिसला.

म्हणजे त्याची मान दिसली. मिठागरातले बांध एवढे अरुंद असतात की दोन माणसं शेजारी चालत नाहीत. लहानपणी बाप पुढं, मी मागं, असंच आम्ही कामावर चालत जायचो. बापाचा चेहरा मला नीट आठवत नव्हता. फोटो काढायची आमची ऐपत कुठली? त्याचे डोळे कसे होते हे मी कुणाला सांगू शकलो नसतो. पण ती मान मी ओळखली. मध्ये दोन आडव्या घड्या, आणि खाली केस उलटे वर चढत डावीकडं वळलेले, पाण्यात भोवरा पडावा तसे. ती मान मी रोज उजाडता बघत चाललो होतो, आणि ती इतकी वर्षं माझ्या पाठीमागंच होती.

खुर्चीचे दांडे घट्ट धरून मी बघत राहिलो. मी जरा मान वाकवली. बापही वाकला, डोक्यावर टोपली घ्यायला वाकायचा तसा.

"काय चुकलं का शेट?"

"धर," मी म्हणालो. "तसाच धर."

तेव्हापासून दर बुधवारी मी सलूनात जाऊ लागलो. दाढीला एक आणा पुरला असता. पण नुसत्या दाढीच्या गिऱ्हाइकाला तो मागचा आरसा दाखवत नसे, आणि केसवाल्यालाही एका श्वासापुरता दाखवी. चार आणे देणाऱ्याला मात्र "धर" म्हणता येतं, हे मी पहिल्याच दिवशी ताडलं होतं. मी सुपारीत दमडी सोडत नव्हतो. पाच मैल टांगा न करता चालत जायचो, दुपारी बाजारात काही न खाता परत यायचो. आणि मालिश करून, पावडर लावून घरी यायचो. सलूनवाला इतरांना डोळा मारून म्हणायचा, "शेटना सोताचं मागचं लई आवडतं." म्हणू दे, म्हटलं.

घरी यातलं काही बोललो नाही. बायको हसली असती. आणि आईपुढं बापाचा विषय काढायची मला भीती वाटे. तो गेल्यापासून ती त्याच्याबद्दल कधी बोलली नव्हती. मला वाटे, विसरली असेल, किंवा विसरायला धडपडत असेल. आईची एकच खोड होती. मी जेवायला बसलो की ती वाढून झाल्यावर माझ्या मागं, भिंतीला टेकून बसायची. "आये, समोर बस की, बोलायला बरं," मी कितीदा तरी वैतागून म्हटलं. "हितंच बरं हाय," ती म्हणायची.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग भाताचे भाव पडले, पाठोपाठ सुपारीचेही पडले. मुंबईचे व्यापारी माल बघून तोंड फिरवू लागले. घरात तेल जपून घालायची वेळ आली. बायको पावडरीचा वास घेऊन एका बुधवारी म्हणाली, "अवो, एक इचारू? तोंड त्येच, आरसा त्योच. दर बुधवारी नवं काय दिसतंय तुम्हाला?"

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"पोरीला लुगडं नाय. आन् तुम्ही गालाला मलम चोळून येता. गाल काय बाजारात इकायचाय?"

तिचं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. रात्रभर विचार करून मी एक तोड काढली. पुढच्या बुधवारी सलूनात जाऊन खुर्चीत बसलो, डावा गाल होऊ दिला आणि मग बोललो. "हे बघ, आपण वर्षाचं ठरवू. दर सालाला एक मण भात घे. माझा बुधवार पक्का, तुझं भात पक्कं."

सलूनवाल्याचा हात थांबला. मग तो एवढ्या मोठ्यानं हसला की बाहेरचे लोक आत डोकावले. "शेट, भातावर दाढी कराया मी मुंबईत धंदा शिकलो का? भातावर करायची तर गावच्या न्हाव्याकडं जावा!"

सगळं जग सोडून त्यानं नेमकं हेच म्हणावं. माझं डोकं फिरलं. गळ्याभोवतीचं फडकं काढून मी आरशावर फेकलं. म्हणालो, "तुझ्या खुर्चीला परत पाठ लावीन तेव्हा थुंक माझ्यावर." आणि चालू लागलो. मागं बघितलं नाही.

एक पाऊल, दोन, पाच, दहा. बाजार संपेपर्यंत मी कान देऊन होतो. हाक आली नाही.

गावाच्या वेशीवर एक म्हातारी माझ्याकडं टक लावून बघत राहिली, तेव्हा मला उजव्या गालावरचा वाळलेला साबण जाणवला.

बायको दारातच होती. तिनं माझा डावा गाल बघितला, उजवा बघितला आणि ती पदर तोंडात धरून खाली बसली. "मुंडावळ्या आनू का?" तिला नीट बोलवेना. "परत लगीन हाय का तुमचं?"

मी ओरडलो नाही. मी ओट्यावर बसलो. डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती: तो आरसा गेला. माझ्या तोंडामुळं गेला. आता बाप परत दिसायचा नाही.

आईनं काही न विचारता शेजारच्याकडं निरोप धाडला आणि गावचा न्हावी धोकटी घेऊन आला. म्हातारा झाला होता. मी उठून उभा राहिलो.

"बस खाली," आई म्हणाली. "अर्धं त्वांड घेऊन कुठं फिरशील?"

"याला भात मिळायचं नाही," मी म्हणालो.

न्हावी वस्तरा परजत शांतपणे बोलला, "भात मला कवा नाय मिळालं? वयनी दर सालाला घालते. तुझ्या नावचं."

मी आईकडं बघितलं. म्हणजे एवढी वर्षं या घरातून दोन दाढ्यांचा खर्च जात होता! "कुणाला विचारून?"

"तुझा बापूस घालायचा. मी बंद करनारी कोन?" ती म्हणाली आणि सुपात वालाच्या शेंगा घेऊन माझ्या पाठीमागं जाऊन बसली.

मी मान दिली. न्हाव्यानं उजवा गाल केला. हात थरथरत असेल असं मला वाटलं होतं, पण वस्तरा गालाला लागला की तो हात स्थिर होत होता. "लग्नाच्या दिवशी का गेलास रे, काका?" मी शेवटी विचारलं.

"खोतानं बोलावलं. नसतो गेलो तर गावात राहिलो असतो का?" तो म्हणाला. माफीबिफी काही नाही. मग त्यानं माझं डोकं खाली वाकवलं, मानेच्या तळाशी बोट ठेवलं आणि वस्तरा उलटा धरला.

"हितं उलटाच चालवावा लागतो," तो स्वतःशीच म्हणाला. "तुझ्या बापसाचं बी असंच. भवरा हाय. सुलटा चालवला का रगत."

त्या बोटाखाली काय होतं ते मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं एवढंच, की ते आणखी कुणाला ठाऊक आहे.

"आये," मी मान वर न करता म्हणालो, "तुला दिसतं का गं?"

शेंगा सोलायचा आवाज थांबला नाही. "काय, त्याची मान? रोज दिसते. तू जेवाया बसतोस तवा मंग मी मागं कशाला बसते?"

न्हावी थांबला होता. बायको दारात उभी होती, आता हसत नव्हती.

"बोल की," मी म्हणालो. "कशी दिसते?"

"दोन घड्या हायत. खालच्या घडीत त्याच्या मीठ बसायचं, पांढरी रेघ दिसायची. मी वल्या फडक्यानं पुसायची." तिनं आणखी एक शेंग सोलली. "तुझी रेघ नाय. तू सावलीत काम करतोस, बरं हाय."

माझा बाप कसा होता, हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. सात-आठ वर्षं मी पाच मैल चालत जाऊन, चार आणे मोजून, एका परक्या माणसाच्या मिनतवाऱ्या करून जे बघत होतो, ते ती घरात भिंतीला टेकून रोज दोन वेळा बघत होती. आणि मी तिला समोर बसायला सांगत होतो.

न्हाव्याचा राग माझ्या मनातून गेला नाही. त्या साली त्याला भात मी माझ्या हातानं घातलं, पण मापावरून भांडलो. अलिबागच्या सलूनात परत कधी गेलो नाही.

फक्त जेवायला बसलो की मान जरा खाली घालून बसू लागलो, आणि हळू जेवू लागलो.