वऱ्हाडाचं पाणी वऱ्हाडातच

आईचं झाड मी मारलं नाही. मी फक्त त्याला भाषणं ऐकवली.

थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई अकोल्याला निघाली, तेव्हा बुलढाण्याच्या आमच्या घरात मी आणि ते झाड असे दोघंच उरलो. बाबा गेल्यावर तिनं ते दुकानातून विकत आणलं होतं. जाड पानांचं, वीतभर, बिस्किटांच्या डब्यात लावलेलं. रोज सकाळी ती त्याच्याशी बोलायची. (माझ्याशी बोलायला मी घरी असायचो कुठे?)

"पाह्य रे, आठ दिसांतून एकदा पाणी देजो. अन् डब्याच्या बुडाले भोकं हायेत, ते बुजवू नको. मी येतवर जितं पाह्यजे!"

ती गेली आणि माझी नजर डब्यावरच्या इंग्रजी छापावर गेली. विलायती! कालच चौकात विलायती मालावर मी तोफ डागलेली, आणि हा डबा माझ्याच घरात! तडक कुंभाराकडे गेलो.

"झाडासाठी असंन तर बुडाले भोक पाडून देतो, भाऊ."

"भोक? काऊन?" मी भडकलो. माझ्या ताज्या पत्रकाचा मथळाच होता, 'वऱ्हाडाचं सत्त्व नागपूरकडे झिरपतं!' "सारं वऱ्हाड झिरपून चाललं, अन् तुम्ही आनखी भोकं पाडता?"

"मंग पाणी जाईन कुठं?"

"कुठंच नाही! वऱ्हाडाचं पाणी वऱ्हाडातच राहीन!"

कुंभारानं निमूट अख्खं मडकं दिलं. त्यात मी मोताळ्याकडची काळीभोर, कपाशीची माती ठासून भरली आणि झाड लावलं.

त्या दिवसांत माझ्या सभांना माणसं येत नव्हती. (एकदा एक जण शेवटपर्यंत बसला, सतरंजी त्याची होती.) घरी यावं, तर हाक मारायला कुणी नाही. म्हणून मी झाडापुढे पत्रकं वाचू लागलो. वक्त्याला पाणी लागतं, मग श्रोत्याला नको? एक घोट मला, एक तांब्या त्याला! चौथ्या दिवशी झाडानं मान डोलावली. मला भरून आलं! पटलं, कुणाला तरी पटलं! मी भाषणं वाढवली, तांबे वाढवले. पुढे ते पार वाकलं. मी समजलो, नमस्कार करतंय.

आई परतली ती दारातच थबकली. "घरात काय सडून राह्यलं रे?"

तिनं मडकं कलतं केलं. काळं, आंबूस पाणी माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावरून वाहत गेलं. पानाला हात लावला, ते गळून पडलं. मी पत्रकं उचलून झटकू लागलो.

मग तिनं शेंड्याचं एक धड पान निवडलं, अडगळीतून तोच भोकांचा डबा काढला आणि वाळू-खडे घालून ते त्यात रोवलं.

"याच्यापुढं आता भाषण करू नको."

"मंग कोनापुढं करू?"

आईनं पदराला हात पुसले. "बस. माह्यापुढं कर."

मी ओलं पत्रक उघडलं. दुसऱ्याच परिच्छेदाला तिची मान डोलली. या खेपेला मी फसलो नाही, वाकून पाहिलं. झोपली होती! तरी मी शेवटपर्यंत वाचलं. पाणी मात्र एकट्यानंच प्यालो.