तिकडं कोण पिंजून राह्यलं?

आमच्या गल्लीत थंडी कानांवाटे यायची. दिवाळी सरली की गल्लीच्या तोंडाशी राहणारा पिंजारी चाचा आपलं धनुष्यासारखं पिंजण आढ्याला टांगायचा आणि त्याच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा हाणायचा. तँऽय, तँऽय असा आवाज सुरू झाला की माय पेटीतल्या रजया उन्हात टाकायची. कापूस आमच्या भागात मुबलक, त्यामुळं गाद्या भरून घ्यायला देऊळघाटापासून लोक गाड्या जुंपून यायचे. संध्याकाळी चाचाच्या भिवयांवर, दाढीवर, कानांच्या पाळ्यांवर कापूस बसलेला असायचा. शाळा सुटली की मी त्याच्या उंबऱ्यावर ठाण मांडायची.

"बेटी, नाकात कापूस जाईन. मंग तुही माय मले बोलते," तो म्हणायचा.

मी हलायची नाही. ठोकळा तातीवर पडायचा, आवाज व्हायचा, आणि त्या आवाजासरशी कापूस उडायचा. आवाजच कापसाला उडवतो अशी माझी पक्की समजूत होती. मी नऊ वर्षांची होते. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि मास्तर आम्हाला नव्या राज्याचा नकाशा पाटीवर काढायला लावायचे. माझा बुलढाणा नेहमी कडेला सरकून बाहेर पडायचा.

त्या हिवाळ्यात एका दुपारी डोकं दुखतं म्हणून मी शाळेतून आले आणि आडवी झाले. रात्रीतून अंग तव्यासारखं तापलं. सकाळी मान वाकेना. दाराच्या फटीतून आलेला उजेड डोळ्यांत खुपायचा, आणि शेजारी कुणी तांब्या ठेवला तरी मी किंचाळायची. बाबा बुलढाण्याहून डॉक्टर घेऊन आले. त्यांनी माझी मान दोनदा उचलून पाहिली आणि मेंदूचा ताप आहे म्हणून सांगितलं. गाडीतून दवाखान्यात नेलं तर वाटेतले हिसके हिला सोसणार नाहीत, म्हणाले. सुया द्यायला रोज दोन वेळा कंपाउंडर सायकलवर येईल. खोलीत अंधार ठेवा.

"आणि आवाज अजिबात नको. मोठा आवाज झाला, झटका आला, तर मला काही सांगता येणार नाही."

हे त्यांनी बाबांना सांगितलं, पण सगळी गल्ली दारातच उभी होती. सगळ्यांनी ऐकलं.

आता आमची गल्ली काय चीज होती ते सांगायला हवं. नळावरून भांडण, कोंबडीवरून भांडण, भांडण नसेल तर काल कुणाचं राहिलं होतं त्याची आठवण. समोरच्या काकूचा आवाज असा की ती नवऱ्याला जेवायला हाक मारायची आणि मागच्या आळीतले दोघं हात धुवून बसायचे. त्या गल्लीनं माझ्यासाठी तोंड मिटलं. मी आजही हे लिहिताना त्यांच्यावर रागावलेली आहे, त्याचं कारण पुढं येईल. पण त्यांनी जे केलं ते खरं होतं आणि ते मी आधी लिहिते.

घरोघरची दळायची जाती बंद झाली. बायका दळण घेऊन पलीकडच्या आळीत जायच्या, पहाटेच्या थंडीत, डोक्यावर टोपलं. तिखट कुटायचं उखळ कुणी तरी उचलून पार वेशीपाशी नेलं. मारुतीच्या देवळातल्या घंटेच्या लोलकाला चिंध्या बांधल्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा उतरल्या आणि गाड्या मागच्या पांदीच्या वाटेनं जाऊ लागल्या. शाळा गल्लीला लागूनच, तर मास्तरांनी मोठ्यानं पाढे म्हणवून घेणं थांबवलं. पोरं ओठ हलवून मनातल्या मनात म्हणायची. एका घरची वरात आली तर वाजंत्री वेशीबाहेर थांबवली आणि नवरदेव मुकाट्यानं घरात आला. लग्नघरच्या माणसांनी हे आपणहून केलं, त्यांना कुणी सांगायला गेलं नव्हतं. आमच्या घरी चूल पेटेनाशी झाली होती, तर भाकरी कुणाकडून आली हेही मायला कळायचं नाही; दाराशी झाकलेलं ताट असायचं. आणि काकू. काकू बोलायचं सुचलं की पदराचा बोळा तोंडात धरायची. तिची मात्र मला फार दया येते.

चाचाचा तर हंगामच होता. हिवाळ्याच्या या दोन-अडीच महिन्यांवर त्याचं वर्ष निघायचं. पहिल्याच दिवशी त्यानं पिंजण आढ्यावरून सोडलं, खांद्यावर टाकलं आणि दाराशी येऊन बाबांना म्हणाला, "मी तिकडं वावरात जाऊन राह्यलो. पाटलाचा गोठा रिकामा हाय. पोरगी उठली का सांगजा मले."

हे मी ऐकलं. ताप असला तरी त्या दिवशी मला ऐकू येत होतं.

त्यानंतरचे दिवस मला एकसलग आठवत नाहीत. सुईची कळ आठवते, कपाळावरची ओली पट्टी आठवते. झटके दोनदा आले असं नंतर कळलं. माय म्हणे तेव्हा भिंतीला डोकं लावून बसली होती, रडायचाही आवाज नको म्हणून. त्या दिवसांत मी मरते का जगते हाच गल्लीचा एक प्रश्न होता, आणि गल्ली श्वास रोखून त्याचं उत्तर ऐकत होती.

मग एका सकाळी डोळे उघडले आणि उजेड खुपला नाही. माय समोर होती. तिचे ओठ हलले. मला कळलं, ती हळू बोलतेय. डॉक्टर आले, ओठ हलवले, बाबांना आठ बोटं दाखवली. आणखी आठ दिवस शांतता ठेवा, असं त्यांनी सांगितल्याचं माझ्या तेव्हाच ध्यानात आलं.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लाडाचे. माझ्या खोलीत सगळे खुणांनी बोलायचे. पाणी हवं का, तर अंगठा ओठांना. भूक आहे का, तर पोटावर हात. काकू यायची, पदराचा बोळा तोंडात, डोळे मिचकावून विचारायची, कशी हायेस. मी मान हलवायची. मी बोलायचे तेव्हा माझाच आवाज घशात घुमल्यासारखा वाटायचा. तापानं आवाज बसला असेल, असं मी धरून चालले. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, कारण ती मला आवडत होती. मला चाचाचं पिंजण ऐकू यायचं. तँऽय, तँऽय, दिवसरात्र. इतक्या लांबून, वावरातून. चाचा रात्री झोपत कसा नाही, एवढंच नवल वाटायचं.

मायनं ओळखलं नाही, बाबांनी ओळखलं नाही. कसं ओळखणार? हाक मारायलाच बंदी होती.

नवव्या दिवशी मायनं मला न्हाऊ घातलं, अंगात दोन झंपर चढवले आणि उचलून ओट्यावर आणून बसवलं. गल्लीभर बायका उभ्या. कुणी बैलांना घुंगुरमाळा चढवत होतं, कुणी उखळ परत आणत होतं. पोरं तोंडं उघडून धावत होती. मी मनात म्हटलं, किती चांगली माणसं आहेत, अजूनही माझ्यासाठी जपून वागतायत. काकूनं पदर तोंडातून काढला, आभाळाकडं तोंड केलं आणि जबडा ताणला. मला वाटलं ती हाकेची नक्कल करून मला हसवतेय. मी खूप हसले.

तेवढ्यात चाचा पिंजण खांद्यावर घेऊन आला. सरळ घरात गेला नाही. आमच्या ओट्यासमोरच बसला, पिंजण मांडीवर तोललं, मूठभर कापूस पुढ्यात टाकला आणि माझ्याकडं बघून हसला. ही माझ्या बरं होण्याची मिठाई होती. त्यानं ठोकळा हाणला. तात थरथरली. कापूस उडाला.

माझ्या कानात तँऽय तँऽय चालूच होतं. पण ते चाचाच्या हाताशी जुळत नव्हतं. हात वर गेला तरी चालू, हात खाली आला तरी चालू. मी वावराच्या दिशेला मान वळवून पाहिलं आणि मग त्याला विचारलं,

"चाचा, तू इथं हायेस, तं तिकडं कोण पिंजून राह्यलं?"

चाचाचा हात वरच राहिला. त्यानं ओठ हलवले. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल नं. मी बरी झाली आता."

मग माय माझ्या मागं गेली. तिनं काय केलं ते मला दिसलं नाही. टाळ्या वाजवल्या, मग तांब्यावर पळी बडवली, असं पुढं पाटीवर लिहून बाबांनी मला सांगितलं. मला समोरचे चेहरे दिसत होते. सगळ्यांत आधी काकू खाली बसली.

तापानं कान नेले की सुयांनी, हे आजवर मला कुणी सांगू शकलं नाही. आता विचारत नाही.

माझा राग कान गेल्याचा नाही. मी मरत होते तेव्हा सगळ्या गल्लीला गप्प राहता आलं. मी जगल्यावर माझ्याशी बोलायचं कसं, ते शिकायचा कंटाळा आला सगळ्यांना. मास्तर म्हणाले, आता शाळेचा काय उपयोग. मैत्रिणी चार दिवस खुणा करत राहिल्या, मग लगोऱ्या खेळायला गेल्या. बाबांनी पाटी धरली म्हणून मी आज लिहितेय. काकू मात्र रोज संध्याकाळी समोर येऊन बसायची आणि सावकाश, तोंड मोठं करून, गल्लीतलं एकेक भांडण मला सांगायची. ओठ वाचायला मी तिच्याकडं शिकले.

चाचानं पिंजण पुन्हा गल्लीत टांगलं नाही. पाटलाच्या गोठ्यातच तो शेवटपर्यंत पिंजत राहिला. मी एकदा तिथं गेले तर मला पाहताच त्यानं ठोकळा खाली ठेवला, डोळ्यांवरचा कापूस पुसला आणि मान फिरवली. दुसऱ्यांदाही तसंच. त्याला वाटायचं मला ते पाहून दुःख होतं. मला दुःख व्हायचं ते तो थांबायचा म्हणून, पण हे सांगण्याएवढी मी मोठी नव्हते. पुढं मोठी झाले, तर तो नव्हता.

गोठ्याला मागून भिंतीऐवजी तुराट्यांचा कूड होता, त्यात एक फट होती. शाळेतली पोरं पाढे म्हणायच्या वेळी मी तिथं जाऊन उभी राहायची. तिथून मी त्याला दिसत नव्हते, आणि मला कापूस उडताना दिसायचा.