भुऱ्याची सोयरीक

पुष्पाबाईंना म्हशींची वंशावळ तोंडपाठ आहे. माणसांची नाही. स्वतःच्या नातवंडांची नावं त्या हमखास चुकतात. पण सकाळी गावच्या आखरावर बावन्न म्हशी जमल्या, की कुठलीही दाखवा. "ही झिंगरी. चांदीची पोरगी, कवळीची नात. अन् कवळीची माय माह्या सासूसंगं आंदनात आली होती." नवरा वारला तेव्हा गावची गुरं राखायला कोणी तयार होईना. या काठी घेऊन निघाल्या, त्याला आता अठरा वर्षं झाली.

मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. बाई मला डाक्टर म्हणतात, आणि काम बिघडलं की नुसतं बापू. तीन वर्षांपासून कळपाचं काहीतरी बिनसलं होतं. म्हशी गाभण न राहता उलटत होत्या, रेडकं मरतुकडी निपजत होती. बाईंनी नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली, मी जंताचं औषध पाजलं. दोन्हींचा गुण सारखाच आला, म्हणजे शून्य.

मग गावठी म्हशींचा अभ्यास करणारी रीता नावाची मुलगी आली. तिने एकेका म्हशीचं रक्त घेतलं आणि बाई सांगतील ते वहीत उतरवलं. चार महिन्यांनी परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "मावशी, आईकडचं एकही नाव चुकलं नाही तुमचं!" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आजवर शंका घेत होतो.

"पण बाप जवळजवळ सगळ्यांचा एकाच रक्ताचा आहे," रीता हळूच म्हणाली.

बापाचा हिशेब बाईंनी कधी ठेवलाच नव्हता. वंशाला एक हेला, म्हणजे रेडा, ठेवायचा आणि बाकीचे खच्ची करून नांगराला जुंपायचे, ही गावची रीत. निवड बाईंची. कवळीचे हेले गरीब स्वभावाचे, पोराटोरांना शिंग न लावणारे, म्हणून आधी तिचा हेला ठेवला, मग त्याचा मुलगा, आता नातू भुऱ्या. हा भुऱ्या जन्मला आणि त्याची आई मेली. बाईंनी त्याला बाटलीने वाढवला. सहा वर्षांचा धिप्पाड हेला, पण बाईंच्या दारात झोपतो.

"याला दुसऱ्या गावी द्या, तिकडचा इकडे आणा," रीता म्हणाली.

"कायले? आपल्यात मामाची पोरगी करतेतच ना?"

"करतेत," मी म्हणालो, "पण इथं मामा, बाप, आजा, सारा एकच होऊन राहिला."

बाई भडकल्या. "माह्या हातची पेज पेल्याबिगर तो चाऱ्याले तोंड नाही लावत. तिकडं मरंन तो. मंग तू भरून देशीन का?" आणि चालू लागल्या. भुऱ्या मागोमाग गेला, हे सांगायला नकोच.

दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी त्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसल्या. काठी आडवी टाकली. "एका कुळीत आपण सोयरीक करत नाही, बापू. अन् मी येवढे वर्षं भावाबहिणीचे लग्न लावत बसली." मला त्यांची इतकी माया आली, की मीही पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो.

जंगलापलीकडच्या गावचा गुराखी धनीराम अदलाबदलीला तयार झाला. बाईंनी भुऱ्याच्या शिंगांना तेल लावलं, कपाळाला कुंकू. गावाने खूप थट्टा केली, "पुष्पाबाईचा पोरगा घरजावई चालला!" बारा किलोमीटर त्या पायी गेल्या, डब्यात पेज घेऊन. मी मागून मोटरसायकल रेटत.

धनीरामचा कळप गावाबाहेरच्या छोट्या तळ्यात, बोडीत, बसला होता. बाईंनी दोर सोडला, पेज घमेल्यात ओतून पुढे धरली. भुऱ्याने हुंगली. मग मान वर करून पाण्याकडे पाहिलं, घमेल्याला वळसा घातला आणि सरळ बोडीत उतरला. म्हशींच्या मधोमध जाऊन बसला. नुसत्या नाकपुड्या दिसत होत्या.

बाई घमेलं धरून तशाच उभ्या. मी म्हणालो, "चला मावशी. करमंन त्याले इथं."

"त्याचं नको सांगू," पुष्पाबाई म्हणाल्या. "त्याले कुठंबी करमत होतं. मीच म्हनत होती, माह्याबिगर करमत नाही म्हून."