पेंडिंग राहिलेली गयाबाई

मी मेंटेनन्सचा माणूस. मशिन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, अशा मताचा. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाला उठून जातो. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच वैताग येतोय... पण वाचून कुणाला काही सुचलं तर सांगा.

मी कथा लिहितो — म्हणजे लिहायचो. आई गेली आणि लिखाण बंदच पडलं. एक कथा अर्धी अडकली होती. तिच्यातली गयाबाई मुलाची वाट बघत दारात उभी, आणि पुढे तिचं काय करायचं ते मला सुचेना. दिवाळी अंकाच्या संपादकांचे फोनही मी टाळायला लागलो. शेवटी बायको, वर्षा, म्हणाली की घरात चिडचिड करण्यापेक्षा नदीवर जाऊन बसा, निसर्गात सुचतं म्हणे.

निसर्ग — आमच्या मोशीत! गुरुवारी चाकणला कंपनीला सुट्टी, म्हणून सकाळीच इंद्रायणीकाठी गेलो. पाण्यावर फेस, पलीकडे टॉवरचं काम, डंपरची ये-जा. त्यातल्या त्यात एक करंजाचं झाड बरं दिसलं, त्याखाली बसलो. सुचलं काहीच नाही, मुंग्या मात्र चावल्या.

आमच्याकडे शिफ्ट सुटताना पुढच्या शिफ्टसाठी ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकायची पद्धत आहे. काय झालं, काय पेंडिंग, सगळं त्यात सांगायचं. वैतागून मी तोच ग्रुप उघडला आणि झाडाकडे बघत गयाबाईची गोष्ट रेकॉर्ड केली. शेवटी म्हणालो, "बाई दारात उभी आहे. पुढचं पेंडिंग. आता तुम्हीच बघा." रेकॉर्डिंग चालूच ठेवून पानांची सळसळ ऐकत बसलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मेसेज नंतर उडवायचाच होता... पण बोटाला सवय, पाठवला गेला.

थोड्याच वेळात शिफ्टमधल्या दत्ताभाऊंचा फोन. ते मूळचे मोशीचेच.

"राव, तुमी म्हनता पेंडिंग, पन ती बाई तर पुढचं समदं सांगती की. कोन हाय ती?"

कोण बाई? मी मेसेज लावला. माझा आवाज, मग पानं, मधेच एक टिटवी. बस्स.

दुसऱ्या दिवशी कंपनीत तेच. ज्याने ज्याने मेसेज ऐकला त्याला बाई ऐकू आली होती. मस्करी चाललीय म्हणून एकेकाला वेगळं गाठून विचारलं, तर सगळ्यांनी शेवट तोच सांगितला. मी भांडलोसुद्धा. गोष्ट माझी, फोन माझा, आणि शेवट मला सोडून सगळ्यांना ऐकू आलेला!

घरी येऊन वर्षाला मेसेज ऐकवला. ऐकता ऐकता ती खुर्चीत बसली.

"अहो, या तर आई आहेत."

मी फोन कानाशी दाबून धरला. पानं! शेवटी तिच्यावरच चिडलो, म्हटलं, तुला ऐकू येतंय ना, मग शब्दन् शब्द सांग, मी लिहून घेतो. वर्षा थांबत थांबत सांगायला लागली, आईच्या परभणीकडच्या बोलीत...

"लेकरू येईल तवा येईल. भाकर झाकून ठिवली, कडी काय लावली न्हाई. म्या आता जरा पडते. लई येळ उभी हाये, पाय भरून आले."

ते लिहिताना मला रडू आवरेना. आई गेल्यापासून मी तिला तशीच उभी करून ठेवली होती.

कथा संपादकांना पाठवली. आता दर गुरुवारी त्या करंजाखाली बसतो आणि लिहितोही. कारणं शोधून थकलो. फोन बदलून पाहिला, हेडफोन लावले, कानाच्या डॉक्टरांकडेही गेलो. कान ठणठणीत आहेत म्हणाले. कारण अजून सापडलेलं नाही.

आईला फोनवर बोलायचं कधी जमलं नाही. हॅलो म्हणायची आणि फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची. तीच बाई अख्ख्या शिफ्टशी बोलली, आणि मला म्हणून नुसती पानं. राग येतो हो, फार राग येतो. तरी तो मेसेज मी रोज लावतो.